करमअलीने न बघितलेलं लग्न

करमअली खोटं बोलणारा माणूस नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कुवेतमध्ये जेवणखाण पुरवणाऱ्या एका कंपनीच्या कोठारात त्याची उभी हयात गेली. तिथे खोटं चालत नाही. कांदे आहेत म्हणालात तर दार उघडल्यावर कांदे दिसावे लागतात. म्हसळ्याच्या बाजारात त्याच्या शब्दाला वजन आहे. मशिदीच्या कमिटीत वाजलं की लोक "करमभाईंना विचारा" म्हणून मोकळे होतात. आता अशा सरळ माणसाची अडचण काय, की त्याला खोट्याची सवयच नसते. कधी नव्हे ते एक बोलून बसला, तर ते निस्तरायचं कसं हेही ठाऊक नसतं. करमअलीचं तेच झालं.

ते खोटं त्याच्या एकुलत्या एक मुलीच्या, इनशाच्या लग्नाचं.

इनशाचं लग्न ठरलं त्या वर्षी कंपनीला कुठलंसं मोठं कंत्राट मिळालं आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. करमअलीनं साहेबापुढे नाक घासलं, उपयोग झाला नाही. लग्न पुढे ढकलावं, तर मुलगा उरणच्या बंदरात नुकताच कामाला लागलेला आणि त्याच्या घरच्यांना घाई. शेवटी बापाच्या जागी करमअलीचा धाकटा भाऊ उभा राहिला आणि निकाह झाला. यात नवल काही नाही. या पट्ट्यातल्या मोहल्ल्यांत कितीतरी बाप आपल्या मुलींची लग्नं नंतर डिस्कवरच बघतात. म्हणून म्हसळ्याचा फोटोस्टुडिओवाला गणराज, जो हिंदू-मुसलमान सगळ्यांची लग्नं काढतो, त्यानं एक पद्धतच पाडून ठेवलीय. नवरी सजून झाली, की गर्दी व्हायच्या आत तो तिला कॅमेऱ्यासमोर एकटी बसवतो नि म्हणतो, "हां, आता परदेशवाल्यांसाठी बोल." मग कुणी सलाम सांगते, कुणी रडते, कुणी नुसत्याच बांगड्या दाखवते. मोहल्ल्यात त्या तुकड्याचं नावच "परदेशवाला" पडलंय. पाहुण्यांना जेवण मिळालं नाही तर चालेल, पण परदेशवाला राहून गेला तर बायका गणराजला सोडत नाहीत.

इनशाच्या लग्नाची डिस्क कुवेतला निघालेल्या एका शेजाऱ्याच्या बॅगेतून, सुक्या जवळ्याच्या पुडीला चिकटून करमअलीच्या खोलीवर पोचली. सुट्टीच्या दिवशी खोलीतली सगळी माणसं टीव्हीसमोर बसली. मशीननं डिस्क आत घेतली, घरघर केली आणि पडद्यावर लिहून आलं की आत डिस्कच नाही. करमअलीनं ती बनियननं पुसून घातली, उलटी करून घातली, फुंकर मारून घातली. नाही म्हणजे नाही. खोलीतल्या लोकांनी थोडी हळहळ केली आणि क्रिकेट लावलं.

त्याच संध्याकाळी घरून फोन आला. बायको, महेरुन्निसा, म्हणाली, "बघितलंत?"

आता "मशीन बिघडलंय" एवढं म्हणायला काय हरकत होती? पण लग्न एकटीनं उभं करून थकलेला तो आवाज, खोलीतले सगळे कान इकडे, आणि करमअलीच्या तोंडून निघून गेलं, "बघितलं, बघितलं." मग इनशानं फोन घेतला.

"अब्बा, बघितलंत?"

"बघितलं ना. सगळं बघितलं. रडलो."

पलीकडे काहीच ऐकू येईना. लाइन कट झाली असं करमअलीला वाटलं. मग इनशा म्हणाली, "बरं," आणि फोन परत अम्मीकडे गेला. तेव्हा त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

नंतर डिस्क बघायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. खोलीतलं मशीन बदललं, सुट्टीवर घरी आला तेव्हा भावाकडे मशीन होतं. पण तो बघेना. बोललेलं खोटं एकीकडे; खरी गोष्ट ही, की ते लग्न डोळ्यांनी बघितलं असतं तर आपण तिथे नव्हतो हे कायमचं पक्कं झालं असतं, आणि ते त्याला सोसणारं नव्हतं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. स्वतःलाही तो "बघू कधीतरी" एवढंच सांगत आला. बाजारात गणराज भेटला की विचारायचा, "काका, इनशाच्या लग्नाची डिस्क कशी झाली होती?" आणि करमअली म्हणायचा, "फर्स्ट क्लास." गणराज खूश. अशी वर्षं गेली, भावाचं मशीन भंगारात गेलं, आणि डिस्क कपाटात साडीच्या घडीखाली पडून राहिली.

मग करमअली कायमचा परत आला. येताना कंपनीनं टाकून दिलेला एक लॅपटॉप घेऊन आला. जाड, जड, उघडताना बिजागरी कुरकुरणारा, पण डिस्क घालायचं तोंड असलेला. कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्या मल्याळी माणसानं त्यातलं विंडोज काढून टाकलं होतं. "इक्का, ये बुड्ढा है, विंडोज में मर जाएगा," म्हणत त्यानं लिनक्स नावाचं फुकटातलं दुसरं काहीतरी घालून दिलं होतं. इक्का म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. करमअली त्याला चेट्टन म्हणायचा, त्याचाही अर्थ थोरला भाऊच. दोघंही एकमेकांना थोरले, असं कुवेतमध्ये चालतं. घरी आल्यावर तो लॅपटॉप टेबलावर कपडा घालून ठेवलेला असायचा, आणि आल्यागेल्याला महेरुन्निसा "यांचा कॉम्प्युटर" म्हणून दाखवायची. दाखवण्यापलीकडे त्याचा उपयोग कुणी केला नव्हता.

आणि एक दिवस उरणहून इनशाचा फोन आला.

"अब्बा, पुढच्या रविवारी येतेय, पोरीला घेऊन. तुमच्या कॉम्प्युटरला डिस्क लागते म्हणे, अम्मी सांगत होती. आपण माझं लग्न बघू. पोरीला बघायचंय." मग जरा थांबून, "मला पण तुमच्याबरोबर बघायचंय."

"बघू की," करमअली म्हणाला आणि फोन ठेवून खुर्चीत बसला. त्याच्या पाचावर धारण बसली होती. पहिल्यांदा बघतोय ते त्याच्या तोंडावर दिसणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. नाटक त्याला येत नाही. आणि इनशा त्याच्या तोंडाकडेच बघत बसणार. तेव्हा ती यायच्या आत एकदा गुपचूप बघून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं. गणराजकडे नेली असती तर त्यानं चहा संपायच्या आत लावून दिली असती. पण मग दुसऱ्या दिवशी म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर पोरंसुद्धा सांगत फिरली असती, की करमभाईंनी पोरीचं लग्न अजून बघितलेलंच नाही.

महेरुन्निसा शेजारी गेल्याचं बघून त्यानं डिस्क घातली. लॅपटॉपनं बराच वेळ विचार केला आणि इंग्रजीत एक पाटी आणली: हा व्हिडिओ दाखवायला लागणारी वस्तू माझ्याकडे नाही. कोठारवाल्याला ही भाषा कळते. नसलेली वस्तू मागवावी लागते. त्यानं पाटीचा फोटो काढून कुवेतला चेट्टनला पाठवला.

चेट्टनचं बोलणं व्हॉट्सअॅपवर आवाजात आलं. "इक्का, डरने का नहीं. काला खिडकी खोलो. माउस छोड़ दो. जो मैं बोलता वही लिखो, जैसा बोलता वैसा."

काळी खिडकी म्हणजे टर्मिनल. त्यात चित्र नाही, बटण नाही, एक पांढरी रेघ लुकलुकत असते आणि तुम्ही हुकूम लिहायची वाट बघते. चेट्टननं सांगितलेली पहिली ओळ करमअलीनं एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिली. सुरुवातीला सुडो लिहायचं. सुडो म्हणजे, चेट्टनच्या शब्दांत, "मालिक बनके बोलना." मालक बनल्यावर मशीननं पासवर्ड मागितला. करमअलीनं पहिलं अक्षर दाबलं. काही उमटलं नाही. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. पडदा ढिम्म.

आता शहरातला माणूस असता तर त्यानं कुणाला तरी विचारलं असतं. पण खाडीकाठच्या माणसाला मशीन अडलं की एकच कारण माहीत असतं: खारी हवा. इथे पंख्याला गंज चढतो, फ्रिजचे पाय सुटतात, घड्याळं बंद पडतात, सगळं खारी हवा करते. कळफलकात ओल शिरली, करमअलीनं निदान केलं. ओलीवर इलाजही ठरलेला. मोबाइल पाण्यात पडला की सगळा मोहल्ला जे करतो, तेच त्यानं केलं. लॅपटॉप धुतल्या रुमालात गुंडाळून तांदळाच्या पिंपात पुरला.

दुपारी महेरुन्निसानं भाताला तांदूळ काढायला पिंपात हात घातला.

"हे काय हाय?"

"दमट झालाय. सुकू दे."

"मग आता मी काय शिजवू? तुमचा कॉम्प्युटर?"

"बाजूनं घे की."

तिनं बाजूनं घेतले, आणि पुढचे दोन दिवस जेवताना तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं त्याकडे करमअलीनं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप बाहेर काढला, कळा दाबल्या, पासवर्डाच्या जागी परत अंधारच. नाइलाजानं त्यानं चेट्टनला सगळं सांगितलं, तांदळासकट. उत्तरात नुसतं हसणं आलं, चांगलं लांबलचक. मग दुसरा निरोप. "इक्का, पासवर्ड दिखता नहीं. कभी नहीं दिखता. कोई पीछे से देखे तो? तुम लिखो, दिखेगा नहीं, मगर वो सुनता है."

करमअलीनं न दिसणारा पासवर्ड लिहिला, एंटर मारलं, आणि काळ्या खिडकीत अक्षरांचा पाऊस सुरू झाला.

इथून पुढे खरं म्हणजे त्याला मजा यायला लागली, पण ते कबूल करायला तो तयार नव्हता. घरात नेट नीट येत नाही, म्हणून पाठच्या नारळीखाली खुर्ची, उलटं घमेलं आणि त्यावर लॅपटॉप अशी त्याची बैठक बसली. मोबाइलवरून नेट द्यायचं, ते मुंगीच्या पावलानं यायचं. तोवर चेट्टन बारीकसारीक हुकूम शिकवायचा. एल एस लिहिलं की या खोलीत काय काय आहे ते दिसतं. सी डी लिहून नाव दिलं की दुसऱ्या खोलीत जाता येतं. करमअलीला हे चटकन उमजलं, कारण हे कोठारच होतं. खोल्या, खोल्यांत रॅक, रॅकवर माल, आणि मालाचं नाव बरोबर असलं तरच माल मिळतो. एक अक्षर चुकलं की मशीन सरळ सांगतं, असं काही इथे नाही. ते चिडत नाही, हसत नाही, "काका, राहू द्या, मी करतो" म्हणत नाही. इजेक्ट हा हुकूम त्याला सगळ्यांत आवडला. ते लिहून एंटर मारलं की डिस्कचं तोंड आपोआप बाहेर येतं. पहिल्यांदा आलं ते कर्रकर्र आवाज करत, आणि त्यात तांदळाचा एक दाणा होता.

महेरुन्निसा कपडे वाळत घालताना बघत होती. "हात न लावता उघडलं?"

"लिहिलं मी तसं."

"मग चहा पण लिहा," ती म्हणाली आणि आत गेली.

चेट्टननं सांगितल्याप्रमाणे एमप्लेअर नावाचा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम उतरवून झाला, लागणाऱ्या बाकीच्या वस्तू आल्या. त्या दिवशी महेरुन्निसा म्हसळ्याला बाजाराला गेली होती. करमअलीनं डिस्क घातली, खिडकीत ओळ लिहिली, एंटर मारलं. पडदा काळाच राहिला, आणि त्या काळ्यातून त्याचं घर बोलायला लागलं.

आधी भांड्यांचे आवाज आले. मग ढोलकी, मग बायकांची गाणी, सूर सोडून पण जोरात. कुणीतरी कुणाला तरी बर्फ आणायला पिटाळत होतं. मग एक बाई खोकली आणि म्हणाली, "अगो, तिची ओढणी सरळ करा कुणीतरी." करमअली खुर्चीत ताठ झाला. ती त्याची अम्मा होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिच्या मयतालाही तो पोचला नव्हता, आणि ती इथे नारळीखाली ओढणीवरून वैतागत होती. चित्र येत नव्हतं ते बरंच आहे, असं त्याला क्षणभर वाटलं.

मग गर्दीचा आवाज बंद झाला. दार लावल्यासारखं झालं. गणराजचा आवाज आला, "हां, आता परदेशवाल्यांसाठी बोल."

आणि इनशा बोलली.

"अब्बा, सलाम. मी रडणार न्हाय. तुम्हाला माहीत हाय मी काय विचारणार ते. ह्या बघा दोन मुठी. बोला, कुठली?"

आता हा खेळ काय, ते सांगायला हवं. इनशा लहान असताना करमअलीची सुट्टी संपून निघायचा दिवस आला, की ती एका मुठीत चिंचोका लपवायची आणि दोन्ही मुठी त्याच्यापुढे धरायची. ओळखलंत तर जायचं नाही, असा नियम. आणि दरवर्षी करमअली चुकायचा. तो चुकायचा कारण त्याला चिंचोका दिसायचा. पोरच ती, जिच्यात चिंचोका असायचा ती मूठ इतकी घट्ट आवळायची की बोटं पांढरी पडायची. करमअली दुसऱ्या मुठीला हात लावायचा. तिकीट काढलेलं असायचं, मुंबईची गाडी दारात उभी असायची, दुसरं काय करणार? ती रिकामी मूठ उघडायची, तो बॅग उचलायचा. मोठी झाली तशी ती खेळायची बंद झाली, आणि पोरगी विसरली असं समजून त्याला हलकं वाटलं होतं.

काळ्या पडद्यातून बांगड्या वाजल्या. इनशा म्हणाली, "घ्या, उघडल्या. बघितलंत ना? आता फोन कराल तेव्हा मला एवढंच सांगा, कुठली ते. दुसरं काय नको. म्हणजे मला कळेल तुम्ही माझ्या लग्नात होतात." पलीकडे दारावर कुणीतरी थापा मारत होतं. "आले," ती म्हणाली, आणि परत ढोलकी सुरू झाली.

करमअलीनं लॅपटॉप मिटला.

त्याला लाज वाटली. अंगावरचा सदरा नकोसा व्हावा अशी. एवढी वर्षं तो समजत होता की आपलं खोटं आपल्याजवळ झाकून आहे. ते पहिल्या फोनलाच उघडं पडलं होतं. "सगळं बघितलं, रडलो" असं तो सांगत होता तेव्हा पलीकडे ती एका शब्दाची वाट बघत होती, आणि तो शब्द आला नाही म्हणून तिनं "बरं" म्हटलं होतं. त्यानंतर तिनं कधी विषय काढला नाही. मूल झाल्याचं सांगितलं, ईदचे फोन केले, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि हे तेवढं गिळून ठेवलं.

निदान आता तरी बरोबर मूठ सांगावी, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. ती दारात आली की सलामाच्या आधी सांगून टाकायची, डावी किंवा उजवी. पण त्यासाठी चित्र दिसायला हवं. महेरुन्निसाला विचारावं तर परदेशवाला काढताना खोलीत नवरी आणि गणराज यांच्याशिवाय कुणी नसतं.

त्यानं चेट्टनला लिहिलं, आवाज येतो, चित्र येत नाही. चेट्टननं एक ओळ पाठवली. चालली नाही. दुसरी पाठवली, तिनं हिरव्या रंगाचे पट्टे दाखवले आणि मशीन बंद पडलं. मग चेट्टन ड्यूटीवर गेला. करमअली रोज नारळीखाली बसून त्याच त्याच ओळी परत लिहायचा, एखादं अक्षर बदलून बघायचा. जवळून जाणारे विचारायचे, "काय चाललंय करमभाई?" तो म्हणायचा, "शिकतोय." हे खरंच होतं. वरच्या बाणाची कळ दाबली की आधी लिहिलेला हुकूम परत येतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, ते त्याचं त्यालाच सापडलं. चित्र मात्र येईना. रविवार जवळ येत चालला तसं त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

शनिवारी सकाळी चेट्टनचा निरोप आला. "इक्का, समझ गया. तुम्हारा ग्राफिक बुड्ढा है, नया तरीका उसको नहीं आता. उसको पुराना तरीका बोलो." आणि खाली ओळ. तीच आधीची, पण मध्ये डॅश व्ही ओ, मग जागा सोडून एक्स अकरा. करमअली मोबाइल हातात घेऊन नारळीकडे निघाला, तोच दारात रिक्षा थांबली.

"जावयाची शिफ्ट बदलली," महेरुन्निसा आतून म्हणाली. तिला आधीच माहीत असावं. "आजच आली."

इनशा उतरली, मागून तिची मुलगी उतरली, पिशव्या उतरल्या. सलाम झाला. करमअलीनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि इनशाकडे बघितलं. पन्नास टक्के तरी बरोबर येईल, असं म्हणून एखादी मूठ ठोकून द्यावी, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. येऊन गेला, एवढंच. तेवढं धाडस असतं तर तो आयुष्यात आणखी चार खोटी बोलला असता.

जेवणं झाली. नात लॅपटॉपवरचा कपडा ओढायला लागली. "नाना, अम्मीची शादी लावा."

करमअलीनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणला. महेरुन्निसा पानाचा डबा घेऊन बसली. इनशा त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसली, पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत.

"लावतो," तो म्हणाला. "पण आधी सांगतो. मी हे बघितलेलं न्हाय. तेव्हाही न्हाय, नंतरही न्हाय. ह्या आठवड्यात ऐकलं फक्त. चित्र येत नव्हतं."

महेरुन्निसाचा अडकित्ता सुपारीवर थांबला.

"माहीत हाय," इनशा म्हणाली.

"मग एकदा तरी बोलायचंस."

"तुम्ही तिकडे एकटे होतात, अब्बा. तुम्हाला फोनवर खोटं पाडून मला काय मिळणार होतं? तुम्ही सांगाल कधीतरी म्हणून मी थांबले." तिचा आवाज जरा जड झाला. "राग होता. न्हाय असं न्हाय. पोरगी झाली तेव्हा तर लई होता."

करमअलीनं मान हलवली.

"ऐकलंत ना सगळं?" इनशानं विचारलं. "मग बोला, कुठली? न बघता."

नात दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. करमअलीनं आठवून बघितलं, पण आवळलेली पांढरी बोटं त्याला या वेळी कुठेच दिसली नाहीत. "डावी," तो म्हणाला. या खेळात तो पहिल्यांदाच खरंखुरं ओळखायचा प्रयत्न करत होता.

"लावा आता."

त्यानं काळी खिडकी उघडली. वरच्या बाणाची कळ दाबून जुनी ओळ परत आणली, मध्ये जागा केली आणि सकाळची नवी अक्षरं एका बोटानं भरली. डॅश, व्ही, ओ, जागा, एक्स, अकरा. एंटर मारलं. डिस्क घरघरली, पडदा हलला आणि चित्र आलं. जुनाट, जरा पिवळं, पण चित्र. त्याचा मांडव, त्याचं अंगण, बर्फ आणायला निघालेला भाऊ. ओढणीवरून वैतागणारी अम्मा, पांढऱ्या दुपट्ट्यात. मग दार लागलं आणि इनशा पडद्यावर आली, कोवळी, मेंदीनं रंगलेली, नाकाच्या शेंड्यावर घाम. तिनं दोन मुठी पुढे धरल्या. दोन्ही सारख्याच घट्ट आवळलेल्या.

"बोला, कुठली?" पडद्यावरची इनशा म्हणाली.

तिनं डावी मूठ उघडली. आत चिंचोका होता.

मग तिनं उजवी उघडली. त्यातही चिंचोका होता.

करमअली बघत राहिला. बाजूची इनशा म्हणाली, "तुम्ही मुद्दाम चुकायचात, ते मला पहिल्यापासून कळायचं. म्हणून त्या दिवशी दोन्हीत ठेवले. कुठलीही सांगितली असतीत तरी बरोबरच आली असती."

पडद्यावर परत ढोलकी सुरू झाली आणि कुणीतरी नवरीला हाताला धरून बाहेर नेलं. टेबलाशी करमअली रडत होता. तो रडल्याचं त्यानं फार वर्षांपूर्वी फोनवर सांगून टाकलेलं होतं, त्यामुळे इनशानं काही विचारलं नाही, फक्त लॅपटॉप थोडा त्याच्या बाजूला सरकवला.